लेकींचं ठाण

फोन ऑफिसमध्ये आला, दुपारच्या जेवणानंतर लगेच. पलीकडे न्गोझी आंटीचे यजमान होते. नायजेरियाच्या फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो, त्यामुळे आमच्या दोघांच्या बोलण्यात मोकळी जागा राहत होती. "माय डॉटर, तू उभी आहेस का?" त्यांनी विचारलं. मी उभी होते. "खुर्ची घे." मी बसले. "जवळ पाणी आहे?" टेबलावर बाटली होती. "एक घोट घे." मी घेतला, आणि बाटलीचं झाकण लावता लावताच मला सगळं कळलं. तरी मी थांबले, कारण बोलायची पाळी माझी नव्हती. मग ते म्हणाले, "तुझी आंटी गेली. परवा पहाटे, झोपेत. दफन पुढच्या महिन्यात आहे. तुला वेळेत सांगतोय." वेळेत हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. फोन ठेवल्यावर शेजारच्या मुलीने विचारलं, सगळं ठीक ना? मी मान हलवली. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं... हे आता आईला सांगायचंय, आणि घाईत सांगायचं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. खुर्ची, पाणी आणि वेळेत या तीन गोष्टींना आमच्या घरात जो अर्थ आहे तो न्गोझी आंटीमुळे आहे, आणि तो सांगायचा तर मला एका शुक्रवार-शनिवारची हकिगत सांगावी लागेल. मी मराठी शाळेत शिकलेले नाही. आईने दुपारी गिरवून घेतलं तेवढंच. पण हे इंग्रजीत लिहिलं तर आई वाचणार नाही.

दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एक आमचं, एक आंटीचं. अंकल रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीत इंजिनियर होते, आणि शुक्रवारच्या सुट्टीला गुरुवारी संध्याकाळी घरी येत. बाकीचे दिवस आंटी शिवणाच्या मशीनवर. शेजारपाजारच्या बायकांचे कपडे ती शिवायची, आईचे ब्लाउजसुद्धा, आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "एवढंसं कापड? बाकीचं कुठे गेलं?" ती इग्बो होती, पूर्व नायजेरियातल्या एका गावची. आईला 'न्गो' म्हणता येईना, म्हणून ती तिला गोझीताई म्हणायची. दोघींची भाषा म्हणजे मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि मध्ये अरबी यल्ला, खलास. मी अकरावी-बारावीत होते, कुणाशी बोलायचे नाही. लोक मला बोलतं करायला बघत, आंटीने कधी तो प्रयत्न केला नाही. मी तिच्याकडे बटणं लावत बसायचे आणि ती मशीन चालवायची. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "तू तोंड बंद ठेवतेस आणि कान उघडे. आमच्या गावात अशा मुलीला निवाड्याला बसवतात." मला ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. एका दुपारी आई कोळंबी साफ करत असताना आंटीने सांगितलं की त्यांच्याकडे घराण्यात जन्मलेल्या सगळ्या मुली, लग्न होऊन कुठेही गेलेल्या असोत, मिळून एक मंडळ असतं. त्याला उमुआडा म्हणतात. घरात भांडण पेटलं की आधी पुरुष बसतात, कोला नावाची कडू बी फोडतात, दोन्ही बाजू ऐकतात, बाजूला जाऊन सल्लामसलत करून निर्णय देतात. त्यांच्याने मिटलं नाही तर या लेकी येतात. जो हटून बसला असेल त्याच्या घरात जाऊन ठाण मांडतात. खायला मागतात, त्याच्या अन्नाला नावं ठेवतात, आणि तो वाकेपर्यंत उठत नाहीत. त्यांना कुणी हाकलू शकत नाही. "राजासुद्धा नाही," आंटी म्हणाली.

आई कोळंबी धुता धुता थांबली. "आमच्याकडे माहेरवाशिणीची ओटी भरतात, साडी देतात," ती म्हणाली. "पण भावांच्या भांडणात बोलली तर म्हणतात, तू आता परकी."

"परकी आहे म्हणूनच तर," आंटी म्हणाली. "तिला जमिनीतला वाटा मिळायचा नसतो. मग खोटं कशाला बोलेल?"

आई परत कोळंबी धुवायला लागली. तिचे दोन भाऊ चिपळूणजवळ एकाच अंगणाच्या दोन बाजूंना राहतात आणि मला आठवतंय तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. हे आंटीला माहीत नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी उचे आणि चीमा यांचं झालं. दोघे सख्खे भाऊ, आंटीच्या चुलतभावाचे मुलगे. आईने हिशेब लावून टाकला, "म्हणजे तू त्यांची आत्या." खाडीपलीकडे देरात, नाइफ बाजाराजवळ गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान दोघे मिळून चालवायचे. मोठा उचे एकटाच राहायचा, बायको गावी. धाकटा चीमा बायकोसकट होता, आणि ती सातव्या महिन्यात होती. एका सकाळी त्यांच्या गावचा एक माणूस माल घ्यायला दुकानात आला, चीमाचा हात हातात घेऊन म्हणाला, "वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. दफन मात्र छान झालं." चीमाला वडील गेल्याचं माहीतच नव्हतं. उचे मध्यंतरी गावी जाऊन आला होता, मालाच्या कामाला जातोय असं सांगून. तो आतून पार्ट्सचं खोकं घेऊन बाहेर आला तेव्हा चीमाच्या हातात जॅकचा दांडा होता.

उचेचं उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये उचेने शिडीवरून पडलो असं सांगितलं, कारण रक्त थांबायच्या आधी माणूस भावाला वाचवतो. पण प्लास्टर वाळल्यावर त्याचं मन बदललं. शनिवारी सकाळी डॉक्टरकडे परत जायचं होतं, आणि तेव्हा खरं काय ते सांगणार, तिथून पोलीस, असं त्याने सगळ्यांना कळवून टाकलं. इथे वाढलेल्या कुणालाही त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. चीमा आत जाणार, सुटला की थेट विमानात, आणि त्याच्या व्हिसावर असलेली पोटुशी बायको त्याच्या आधीच. नवराबायको आंटीकडे येऊन राहिली होती. ती मुलगी दिवसभर बॅग भरायची आणि परत उपसायची. मला आमच्या दारातून दिसायचं.

शुक्रवारी दुपारी आंटीच्या घरी अंकल आणि बाकीचे पुरुष जमले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्या फोल्डिंगच्या नेल्या, आणि त्या पोचवताना मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले ती राहिलेच. सगळ्यांत वयस्कर असे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ शारजाहून आले होते. त्यांनी कोला हातात धरून इग्बोत प्रार्थना केली. इंग्रजीत का नाही, असं मी आंटीला हळूच विचारलं, तर म्हणाली, "कोलाला इंग्रजी समजत नाही." प्रार्थनेतली एक ओळ तिने माझ्या कानात सांगितली. घारही बसो, गरुडही बसो. जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. मग फोडलेल्या कोलाची बशी फिरली. चीमाने मान खाली घालून तुकडा उचलला. बशी उचेसमोर आली. कोला घेतला म्हणजे बोलायला तयार, नाही घेतला म्हणजे संपलं. उचेने प्लास्टरमधला हात मांडीवरून उचलून सगळ्यांना दाखवला.

"डाव्या हाताने कोला घेत नाहीत," तो म्हणाला. हे तो इंग्रजीत म्हणाला, मुद्दामच. "उजवा यानेच मोडलाय. आता सांगा, कोणत्या हाताने घेऊ?"

तो उठला, वयस्कर गृहस्थांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. बशीत त्याचा तुकडा तसाच राहिला.

पुरुष गेल्यावर आंटी आमच्याकडे आली. एकटी लेक म्हणजे उमुआडा नव्हे, आणि त्या गावची दुसरी लेक दुबईत नव्हती. "तुम्ही दोघी चला," ती आईला म्हणाली. आई गोंधळली. "मी तिथे काय बोलणार?" "बोलायचं नाही. बसायचं." बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "हे पोलिसांचं प्रकरण आहे. उद्या आपल्या व्हिसावर काही आलं तर मी कंपनीत काय सांगू?" "आम्ही फक्त बसायला जातोय," आई म्हणाली. "हळदीकुंकवाला जाते तेव्हा विचारता का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला जायचं नव्हतं, पण मी चप्पल घातली. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

अब्रा म्हणजे इथली लाकडी होडी, तिच्यातून खाडी ओलांडली. आंटीच्या मांडीवर गुंडाळलेली चटई होती. उचेचा फ्लॅट दुकानाच्या वर होता. दार उघडून आम्हाला तिघींना बघताच त्याला कळलं. "आंटी, नो." ती म्हणाली, "मी तुझ्या बापाच्या घरची लेक आहे. बाजूला हो." तो बाजूला झाला. हॉलमध्ये ब्रेक पॅडची खोकी रचलेली होती. मधोमध तिने चटई पसरली, आईला डावीकडे बसवलं, मला उजवीकडे, आणि म्हणाली, "आम्हाला भूक लागलीय."

"माझा हात..."

"मोडलाय. आमचं पोट मोडलेलं नाही."

उचेने टेलिफोन उचलला. "मी पोलिसांना आत्ताच बोलावतो. तुम्हालाही घेऊन जातील, या दोघींना पण." रिसीव्हरमधला टोन आम्हाला ऐकू येत होता. आईने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर वळ दिसत होते. त्या दोन-चार क्षणांत मी बाबांचा पासपोर्ट, माझी बारावी, आमचं घर, सगळं विमानतळावर उभं पाहिलं. "कर फोन," आंटी म्हणाली. "सांग त्यांना, माझी आत्या माझ्याकडे चहा मागतेय." त्याने रिसीव्हर कानाला लावला. मग खाली ठेवला आणि किचनमध्ये गेला.

चहा आला. आंटीने एक घोट घेतला. "उचे, हे रेडिएटरमध्ये ओत. गाडीसुद्धा नाही म्हणेल." मग भात मागितला, मग भाताबरोबर कालवण. किचनला दार नव्हतं. आम्हाला त्याची पाठ दिसत होती आणि डाव्या हातातली सुरी. कांदा फळीवरून निसटायचा, तो पकडून आणायचा, परत निसटायचा. आंटी भिंतीकडे बघत बसली होती. तेवढ्यात आई उठली.

"सीट डाउन," आंटी म्हणाली. आई थांबली नाही. आयुष्यभर तिने कुणाला एकट्याला कांदा चिरू दिलेला नाही, आणि हा तर हात मोडलेला. तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, कांदा चिरायला लागली, आणि खाली बघूनच आपल्या हिंदीत विचारलं, "पिताजी को क्या हुआ था?"

नाइफमधल्या दुकानदाराला हिंदी येतंच. त्याने फळीवरची कांद्याची सालं गोळा केली. मग म्हणाला, "पेट में कुछ... मैं पहुँचा तब बोलना बंद था." पुढचं तुकड्यातुकड्यांनी आलं. सगळं गाव विचारत होतं, धाकटा कुठे आहे? तो म्हणत होता, येतोय. चीमाचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या स्टॅम्पिंगला गेलेला होता. तो मध्येच परत मागून देश सोडला असता तर फाइल बंद, आणि बायको पोटुशी. "मैंने सोचा, स्टॅम्पिंग हो जाए, फिर बोलता हूँ. फिर सोचा, अगला जुम्मा. फिर..." तो थांबला. "फिर कैसे बोलूँ?" माती त्याने एकट्याने लोटली होती, दोघांच्या वाट्याची. भांडण झाल्यापासून सगळ्यांनी त्याला मनगटाबद्दल विचारलं होतं. बापाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

कढईत फोडणी पडली. आंटी हलली नव्हती, पण आता भिंतीकडे बघत नव्हती. "इकडे ये," ती म्हणाली. तो येऊन उभा राहिला. "चीमाने मोठ्या भावावर हात उचलला. त्याची शिक्षा त्याला मी सांगेन. तुझी आधी ऐक. बाप गेल्याची बातमी तू त्याला अजून दिलेली नाहीस. ती तुझ्याजवळच आहे. जा आणि दे. त्याला बसव, पाणी दे, आणि सांग, आज कळल्यासारखी."

"त्याला माहीत आहे, आंटी."

"गिऱ्हाइकाकडून. भावाकडून नाही."

त्याने हो म्हटलं नाही. आम्ही त्याच्यासमोर भात जेवलो. आंटीने त्यालाही नावं ठेवली, पण कमी. निघताना तिने पिशवीतून एक अख्खा कोला काढून ब्रेक पॅडच्या खोक्यावर ठेवला. "आम्ही बायका कोला फोडत नाही. तुम्ही फोडा." "कोणत्या हाताने?" त्याने पुन्हा विचारलं. दुपारी तो टोमणा होता. आता खरोखरच विचारत होता. "ते तू शोध," आंटी म्हणाली.

जिना उतरताना ती आईवर चिडली. "ठाण मांडलेली लेक उठत नाही. उठली की ते घर जिंकलं." आई म्हणाली, "तो कांदा चिरत होता, गोझीताई." "मग? चिरू दे." अब्रात दोघी दोन टोकांना बसल्या. अर्ध्या खाडीत आंटीने विचारलं, "तू त्याला आधी काय विचारलंस?" आईने सांगितलं. आंटी पाण्याकडे बघत राहिली. "ते मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "त्याचा बाप माझा भाऊ होता."

शनिवारी सकाळी बाबा ऑफिसला गेले. बोर्डाच्या अभ्यासासाठी मला शाळा नव्हती. पुस्तक उघडून मी दाराच्या आत स्टूल टाकून बसले होते. समोर चीमाच्या बायकोची बॅग भरलेली होती आणि या वेळी तिने ती उपसली नव्हती. डॉक्टरची वेळ झाली आणि गेली. पोलीस आले तर लिफ्टने येतील की जिन्याने, असला विचार मी करत होते. लिफ्टचं दार वाजलं. उचे होता. पांढरा शर्ट, एक बटण चुकीच्या काजात. आंटीच्या बेलपाशी जाऊन तो उभा राहिला आणि बेल दाबेना. मग मागे वळला तर उघड्या दारात मी.

"तुझ्याकडे पाणी आहे?" त्याने विचारलं.

मी ग्लास भरून आणला. त्याने घ्यायला डावा हात पुढे केला, आणि मागे घेतला. मला समजलं. डाव्या हाताने पाणी द्यायचं नसतं. मी ग्लास उजव्या हातात धरला आणि समोरची बेल दाबली. आंटीने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि आत सरली. चीमा उठून भिंतीला टेकला. उचे त्याला एक शब्द म्हणाला, तो 'बस' असाच असणार, कारण चीमा बसला. मी पाणी त्याच्यासमोर ठेवलं. त्याने एक घोट घेतला. मग उचेने सांगितलं. इग्बोत, फार तर दोन वाक्यं. मला त्यातलं काही कळलं नाही. चीमाला ते कित्येक दिवसांपासून माहीत होतं, तरी त्याने असा आवाज काढला की आई आमच्या घरातून धावत आली. उचे त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

नंतर उचेने खिशातून कोला काढला, डाव्या हाताने, आणि आंटीने दातांत ओठ धरला. चीमाने आपला उजवा हात पुढे केला. उचेने कोला त्या हातावर ठेवला. फोडायचा मान मोठ्याचा, म्हणून उचेने वरून हात ठेवला, आणि चीमाने तो त्याच्यासाठी फोडला. आंटीने मग चीमाची शिक्षा सांगितली. गावी गेल्यावर दंडाचा बकरा, तो तर ठरलेलाच. पण इथे, प्लास्टर निघेपर्यंत, भावाचा उजवा हात तो. शर्टाची बटणं लावायची, दुकानाचं शटर उघडायचं, कांदे चिरायचे. "आजच्या बटणापासून सुरुवात कर," ती म्हणाली. कुणीतरी हसलं. मला वाटतं चीमाची बायको.

दोघांचं पुढे फार गोड झालं असं नाही. वर्षभराने दुकानं वेगळी झाली. पण बाळ इथेच जन्मलं, आणि बारशाला उचे होता. माझ्या बोर्डानंतरच्या मे महिन्यात आई सुट्टीत माहेरी गेली आणि एका सकाळी थोरल्या मामाच्या ओटीवर जाऊन बसली. धाकट्यालाही बोलावणं पाठवलं. काही बोलली नाही, बसून राहिली. थोरला मामा उठून आत गेला. धाकट्याने चहा घेतला. एवढंच झालं. आंटीला सांगितल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत बस. घाई कसली?"

अंकल रिटायर झाले आणि ती दोघं गावी गेली तेव्हा आंटीने आमच्या घरी एक कोला दिला. कोला घरी पोचला की कुणी दिला ते सांगतो, असं म्हणाली. आईने तो देव्हाऱ्यातल्या सुपारीच्या डबीत ठेवला. वाळून वाळून तो सुपारीसारखाच झालाय. नवीन माणसाला ओळखू येणार नाही.

फोन आला त्या दिवशी मी ऑफिसमधून नेहमीच्या वेळेला घरी आले. आई मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आई, बस." "बसलेच तर आहे," ती म्हणाली. मी हात धुतले, ग्लासात पाणी घेतलं, आणि डबीतून कोला काढला. उजव्या हाताने ग्लास तिच्यासमोर ठेवला, शेजारी कोला. आईने मेथीची जुडी बाजूला सारली. आधी पाण्याकडे पाहिलं, मग कोलाकडे. कोण, असं तिने विचारलं नाही. ग्लास उचलून एक घोट घेतला, पदराने ओठ पुसले आणि मांडी नीट घालून बसली.

"हं," ती म्हणाली. "सांग आता."